काठ सगळ्यात शेवटी: म्युनिकच्या ईझार नदीची फेररचना

राइखेनबाख पुलाच्या बाजूने खाली उतरलं की पायाखाली खडी लागते. आल्प्सच्या चुनखडीचे पांढरट, चपटे, घासून गुळगुळीत झालेले गोटे. जूनच्या संध्याकाळी तिथे पाय ठेवायला जागा नसते. ऑफिसमधून थेट आलेली माणसं बूट काढून पाण्यात पाय सोडून बसतात, पोरं गोट्यांचे बांध घालतात आणि पाणी ते फोडून पुढे जातं. समोर पात्राच्या मधोमध एक छोटं बेट आहे. त्याचं नाव ‘वाइडेनइन्झेल’, म्हणजे आपल्याकडच्या शब्दात वाळुंजबेट. पुण्यात मुठेच्या काठी वाढलेल्या माणसाला वाळुंज, हे पाण्याकाठचं झाड, वेगळं सांगावं लागत नाही.

मी 2012 साली म्युनिकला आले तेव्हा मला वाटलं, ही नदी पहिल्यापासून अशीच असणार. शेजारच्या आजींनी माझा गैरसमज दूर केला. त्यांच्या आठवणीतली नदी म्हणजे दोन्ही बाजूंना दगड-काँक्रीटचे सरळ उतार आणि मधून जाणारं सरळसोट पाणी. बेट नव्हतं, खडी नव्हती, पाण्यापर्यंत जायला धड वाट नव्हती. मी ज्या खडीवर बसून त्यांचं ऐकत होते, ती जेमतेम वर्षभरापूर्वी तयार झाली होती. शिक्षणाने मी स्थापत्य अभियंता आहे, तरी मला ते ओळखता आलं नव्हतं. तेव्हापासून शहरातल्या फेररचना झालेल्या या आठ किलोमीटर नदीचा मागोवा घेते आहे. इथल्या कामाचं कौतुक ऐकायला मिळतं ते बहुधा काठाचं. काठ हे या कामाचं शेवटचं पान होतं, आणि मला आधीच्या पानांबद्दल लिहायचं आहे.

ईझार ऑस्ट्रियातल्या कार्वेंडेल डोंगरांत उगम पावते, सुमारे 295 किलोमीटर वाहते आणि डेगेनडोर्फजवळ डॅन्यूबला मिळते. म्युनिक तिच्या मधल्या टप्प्यावर आहे. डोंगर जवळ असल्याने पाऊस पडला की पाणी झपाट्याने वाढतं, आणि पाण्याबरोबर खडी येते. मूळची ईझार एका पात्रात राहणारी नव्हती. खडीच्या रुंद पट्ट्यात चार-पाच प्रवाह, दर पुरात बदलणारे, अशी तिची रीत. 1813 च्या सप्टेंबरात पूर बघायला लोक लुडविग पुलावर जमले होते. पुलाचा भाग कोसळला आणि शंभरावर माणसं गेली. 1899 च्या पुरात दोन पूल वाहून गेले. अशा नदीला शिस्त लावावी असं एकोणिसाव्या शतकातल्या अभियंत्यांना वाटलं, यात नवल नाही. त्यांनी तिला सरळ केलं, काठ बांधले, बाजूने बांध घातले. त्या काळाच्या समजुतीप्रमाणे ते चांगलं काम होतं.

पण सरळ केलेली नदी वेगाने धावते आणि तळ खणत जाते. मग तळ धरून ठेवायला पात्रात आडवे उंबरठे घालावे लागले. प्रत्येक उंबरठा माशांसाठी भिंत ठरला. त्यातच वीज आली. शहराच्या दक्षिणेला ग्रोसहेसेलोहेजवळ बंधारा घालून बरंचसं पाणी शेजारच्या कालव्यात वळवलं गेलं आणि कालव्यावर वीजघरं उभी राहिली. डोंगरातही तेच झालं. 1924 साली वाल्खेनझेचा जलविद्युत प्रकल्प सुरू झाला. त्यासाठी क्र्युनजवळ ईझारचं पाणी वळवलं, इतकं की बंधाऱ्याखालचं पात्र कोरडं पडलं. 1990 पर्यंत तिथे किमान प्रवाहसुद्धा सोडला जात नव्हता. तो प्रकल्प उभा करणारे ओस्कार फॉन मिलर हेच डॉइचेस म्युझियमचे संस्थापक. ते संग्रहालय ईझारमधल्या बेटावर उभं आहे, आणि आपल्या प्रकरणातले आठ किलोमीटर तिथेच संपतात.

शेवटची मोठी भर पडली 1954 ते 1959 या काळात. वरच्या अंगाला सिल्वेनश्टाइन धरण बांधलं. फाल नावाचं गाव पाण्याखाली गेलं, वस्ती वर हलवली. पूर अडवणं आणि कोरड्या दिवसांत नदीत थोडं पाणी सोडणं ही त्याची मुख्य कामं. म्युनिकवरचा पुराचा धोका त्याने खूप कमी केला. मात्र खडी धरणात अडकली. त्याकडे शेवटी येते.

म्हणजे 1980 च्या दशकातल्या म्युनिककरापुढे जी नदी होती, तिचं पाणी कालव्यात, खडी धरणात आणि काठ काँक्रीटमध्ये होते. शिवाय तपासणीत दिसलं की जुने बांध काही ठिकाणी कमी उंचीचे आहेत आणि आतून सैल झालेत. ज्या एका कारणासाठी हा सगळा खटाटोप केला होता, त्या पुराचीच पुरती हमी राहिली नव्हती.

1995 साली बव्हेरिया राज्याचं म्युनिकमधलं जलव्यवस्थापन कार्यालय आणि म्युनिक महापालिका यांनी एकत्र बसून ‘ईझार-प्लान’ आखायला घेतला. ईझार राज्याच्या अखत्यारीतली नदी, काठालगतच्या बागा आणि रस्ते शहराचे. दोघांपैकी कुणालाही एकट्याने काही करता येणार नव्हतं. उद्दिष्टं तीन ठरली: पूरसंरक्षण, नदीचं नैसर्गिक रूप आणि लोकांना काठावर वावर. टप्पा ग्रोसहेसेलोहे पुलापासून म्युझियमच्या बेटापर्यंत, आठ किलोमीटर. प्रत्यक्ष काम 2000 मध्ये सुरू झालं, 2011 मध्ये संपलं. खर्च सुमारे 3.5 कोटी युरो, त्यातला मोठा वाटा राज्याचा आणि बाकीचा शहराचा.

आठ किलोमीटरला अकरा वर्षं! पहिल्यांदा आकडा ऐकला तेव्हा मला तो संथपणा वाटला होता. आता तसं वाटत नाही.

सगळ्यात आधी नदीत पाणी यायला हवं होतं. कालवा वीज तयार करत होता आणि नदीच्या वाट्याला सेकंदाला पाच घनमीटर उरत होते. आपल्या भाषेत जेमतेम पावणेदोनशे क्युसेक. एवढ्या पाण्यात पात्र रुंद केलं असतं तर रुंद, उथळ, उन्हात तापणारं डबकं झालं असतं. कितीही देखणा काठ त्याला वाचवू शकला नसता. कालवा आणि त्यावरची वीजघरं शहराच्याच सेवासंस्थेकडे, त्यामुळे बोलणी घरातली होती. तरी विजेचा तोटा खरा होता आणि तो कुणीतरी सोसायचा होता. अखेर नदीचा वाटा सुमारे 12 घनमीटरवर गेला, म्हणजे दुपटीहून जास्त. माझ्या मते संपूर्ण योजनेतला सर्वात महत्त्वाचा निर्णय हाच. त्याचा फोटो काढता येत नाही म्हणून तो मासिकांत दिसत नाही.

दुसरी गोष्ट पाण्याच्या स्वच्छतेची. म्युनिकचं स्वतःचं सांडपाणी शहराच्या उत्तरेला, प्रवाहाच्या खालच्या अंगाला प्रक्रिया होऊन सोडलं जातं. त्यामुळे या आठ किलोमीटरातलं पाणी कसं असेल, हे शहराच्या हातात नव्हतंच. ते बाड ट्योल्झ आणि त्याच्यासारख्या वरच्या गावांच्या हातात होतं. त्या गावांतल्या सांडपाणी प्रकल्पांत शेवटच्या टप्प्यावर अतिनील दिवे बसवले गेले. प्रक्रिया झालेलं पाणी त्यांच्यासमोरून जातं आणि उरलेले जंतू मरतात. हे दिवे पोहण्याच्या हंगामात चालतात, साधारण एप्रिलच्या मध्यापासून सप्टेंबरअखेरपर्यंत. आपल्या गावातली पोरं पोहणार नाहीत अशा पाण्यासाठी वरच्या गावांनी यंत्रं चालवायची, हे कागदावर सोपं दिसतं. प्रत्यक्षात त्यासाठी राज्याने मध्ये पडावं लागतं, पैसे घालावे लागतात. आजही जोराचा पाऊस झाला की दोन-चार दिवस पाण्यात उतरू नका असं सांगितलं जातं, कारण तेव्हा गटारांचं जास्तीचं पाणी नदीत येतं. दिव्यांनी सगळं सुटलेलं नाही.

मग बांध. इथे मला स्थापत्याच्या माणसांचं खास कौतुक वाटतं. जुन्या मातीच्या बांधांवर शंभर वर्षांत मोठाली झाडं वाढली होती. बांधावर झाड नको, हा पाठ्यपुस्तकातला नियम आहे. मुळं पाण्याला वाट करून देतात, वादळात झाड उन्मळलं की बांधाला खिंडार पडतं. नियम तंतोतंत पाळायचा तर दोन्ही काठांवरची सावली एका फटक्यात गेली असती आणि म्युनिककरांनी पहिल्याच दिवशी योजना फेटाळली असती. म्हणून बांधाच्या आतच भिंत घातली. वरून यंत्र खाली उतरवायचं, जागच्या जागी माती-खडीत सिमेंटचा पातळ लगदा मिसळायचा आणि आतमध्ये सलग, घट्ट पडदा तयार करायचा. आता झाड पडलं तरी बांधाचा कणा उभा राहतो. वरून चालणाऱ्याला काहीच दिसत नाही, जुनी झाडं आणि मातीची पायवाट तेवढी दिसते. मी त्या वाटेवरून कित्येक वर्षं पळायला जाते. पायाखाली भिंत आहे हे कळल्यावर पुढचे काही दिवस मी उगाच पाय आपटून बघत होते.

बांध भक्कम झाल्यावर पात्राला हात लागला. नेहमीच्या वेळी पाणी वाहतं तो भाग 50 मीटर रुंद होता, तो जागा मिळेल तिथे 90 मीटरपर्यंत वाढवला. काठावरचं काँक्रीट आणि दगडी अस्तर उखडून काढलं. उतार सपाट केले, खडी मोकळी सोडली.

हे रुंदीकरण नेमकं कशासाठी, यावर थोडं थांबते, कारण पूरसंरक्षण आणि निसर्ग यांची गाठ इथेच बसते. गुळगुळीत काँक्रीटवरून पाणी झरझर जातं. खडी, झुडपं, गोटे, वाळुंज आले की पात्र खडबडीत होतं, पाणी अडखळतं, संथ होतं, आणि तेवढंच पाणी वाहून जायला त्याची पातळी वर चढते. वाहत्या पाण्याचा वेग काढायचं मॅनिंगचं सूत्र शिकलेल्या कुणालाही हे ठाऊक आहे. म्हणजे नुसता ‘निसर्ग’ आणला असता तर पुराचा धोका वाढला असता. रुंदी वाढवून त्या खडबडीतपणाची किंमत आधीच चुकती केली. पाण्याला जास्त जागा मिळाली म्हणून खडीला आणि वाळुंजाला जागा परवडली. पूर जाण्यासाठी जी जागा लागते तीच जागा वर्षातले उरलेले दिवस माशांना, पक्ष्यांना आणि माणसांना मिळते. दोन उद्दिष्टांत तडजोड करून मधला मार्ग काढलेला नाही. एकाच मापाने दोन्ही साधली आहेत, आणि ते माप म्हणजे पात्राची रुंदी. ते मिळण्याजोगं होतं, कारण जुन्या अभियंत्यांनी बांध पात्रापासून लांब घातले होते आणि मधल्या गवताळ पट्ट्यांवर शहराने इमारती उभ्या राहू दिल्या नव्हत्या. ही शंभर वर्षांची शिस्त नसती तर 1995 च्या मंडळींच्या हाती काहीही नव्हतं.

मोकळा काठ म्हणजे बेवारस काठ नव्हे. नदी उद्या बांधाकडेच सरकली तर? म्हणून आतल्या बाजूला, जमिनीखाली, मोठ्या दगडांच्या रांगा पुरून ठेवल्या आहेत. इथले लोक त्यांना ‘झोपलेलं संरक्षण’ म्हणतात. नदीने काठ खात खात तिथवर यावं, तोवर तिची मर्जी. त्या रांगेला पोचली की थांबायचं. खुंट्याला लांब दोरीने बांधलेली गाय जशी दोरीच्या घेरात चरते, तसं मला ते वाटतं.

पात्रातले जुने उंबरठेही काढले. त्यांच्या जागी मोठमोठे दगड रचून लांब, सौम्य उतार केले आहेत. दगड वर्तुळात मांडलेले, मध्ये लहान डोह, एका डोहातून पुढच्यात पाणी दगडांच्या फटीतून उतरतं. उन्हाळ्यात पाणी कमी असताना मी एकदा तिथे पालथी पडून तासभर बघत बसले होते. बोटभर लांबीचा मासा एका दगडाच्या सावलीत थांबायचा, दम खायचा, एका झटक्यात फटीतून वरच्या डोहात जायचा आणि परत थांबायचा. पूर्वीच्या उंबरठ्यावर त्याला तीन-चार फूट उडी मारावी लागली असती. बोटाएवढ्या माशाला ती कुठून जमणार? या नदीचा मानाचा मासा हुखेन, डॅन्यूबच्या खोऱ्यातला सॅमन माशाचा भाऊबंद, मीटरभराहून लांब वाढणारा. अंडी घालायला त्याला स्वच्छ, हलती खडी लागते. खडीच्या फटी गाळाने बुजल्या की आतली अंडी गुदमरतात. म्हणून खडी हलती राहणं ही इथे शोभेची बाब नाही.

शहराच्या मध्यभागी काम आलं तेव्हा मात्र वाद पेटला. शेवटच्या दीड-एक किलोमीटरसाठी 2003 साली स्पर्धा घेतली. पहिलं पारितोषिक इरेने बुर्कहार्ट यांच्या आराखड्याला मिळालं. त्यात शहरातली नदी शहरासारखी दिसावी, रेषा ठसठशीत असाव्यात, माणसाने केलेलं काम माणसाने केल्यासारखं दिसावं, असा विचार होता. दुसरं पारितोषिक विनफ्रीड येर्नी यांच्या आराखड्याला मिळालं. त्यात वरच्या टप्प्यासारखीच वळणं, खडीचे किनारे, मोकळेपणा होता. लोकांना दुसरा आवडला. निसर्गप्रेमी संस्थांच्या ‘ईझार-आलियान्झ’ या आघाडीचा कलही नैसर्गिक रूपाकडे होता. रचनाकारांचा युक्तिवाद असा की भर शहरात, पुलांच्या आणि भिंतींच्या मध्ये, ‘रानटी नदी’ उभी करणं हेच खोटं आहे. मला हा युक्तिवाद आजही वजनदार वाटतो. वाळुंजबेटावर कुणी कितीही भाळलं तरी ते यंत्रांनी घातलेलं बेट आहे, हे विसरून चालणार नाही.

तरीही मी दुसऱ्या बाजूची. निर्णय अखेर दोन्हींचा मेळ घालून झाला, पण नैसर्गिक रूप वरचढ राहिलं. मला ते का पटतं ते सांगते. ठसठशीत रेषा पुराने मोडली की ती दुरुस्तच करावी लागते. खडीचा किनारा पुराने सरकला तर तो फक्त नवा किनारा असतो. एका जोरदार पावसाच्या आठवड्यानंतर मी राइखेनबाख पुलाखाली गेले तेव्हा माझी नेहमीची बसायची जागा तिथे नव्हती. खडीचा जिभेसारखा पट्टा वीसेक पावलं खाली सरकला होता, त्याच्या मागे गुडघाभर पाण्याचं नवं खळगं तयार झालं होतं, आणि त्यात इवल्याशा माशांचा थवा फिरत होता. ते बघायला कुणी अधिकारी आले नव्हते, कुणी निविदा काढली नव्हती. दोन मुली नव्या जागी चादर पसरत होत्या.

योजनेची परीक्षा काम पूर्ण होण्याआधीच झाली. 2005 च्या ऑगस्टमध्ये आल्प्सच्या उत्तर उतारांवर प्रचंड पाऊस झाला. सिल्वेनश्टाइनने पाणी अडवलं. त्या धरणाची भिंत 1994 ते 2001 या काळात तीन मीटरने उंच केली होती आणि ते वेळेत झालं होतं. म्युनिकमध्ये सेकंदाला हजार घनमीटरच्या आसपास पाणी गेलं. शंभर वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरासाठी गृहीत धरलेला आकडा 1100 घनमीटरचा, म्हणजे सुमारे 39 हजार क्युसेक. शहर वाचलं. रुंद केलेले टप्पे टिकले, बांध टिकले. त्याच पावसात शेजारच्या लोइसाख नदीवरचं एशेनलोहे गाव 1999 नंतर दुसऱ्यांदा बुडालं. ज्या धरणाने नदीची खडी अडवली, त्यानेच त्या दिवशी म्युनिकचे तळमजले वाचवले. हे लिहिताना मला कुठलीही बाजू सोपी वाटत नाही.

39 हजार क्युसेक हा आकडा पुणेकराला ओळखीचा वाटेल. 25 जुलै 2024 ला खडकवासल्यातून मुठेत सोडलेलं पाणी 35 हजार क्युसेकच्या आसपास गेलं आणि सिंहगड रस्त्यावरच्या एकतानगरीत लोकांच्या घरात पाणी शिरलं. मी इथे बसून नातेवाइकांनी पाठवलेले व्हिडिओ बघत होते. मुठा आणि ईझार यांची तुलना मी सहसा टाळते. इथला बर्फ, इथला कर, इथली लोकसंख्या, सगळंच वेगळं. पण दोघींची ठेवण आश्चर्यकारक सारखी आहे. वर धरण, शहराच्या तोंडाशी कालव्यात वळवलेलं पाणी आणि मधे शहराच्या पोटातून जाणारं पात्र. खडकवासल्याचं पाणी मुठा उजव्या कालव्यातून हडपसर, दौंड, इंदापूरकडे जातं, आणि पावसाळा सोडला तर नदीत वाहतं ते बहुतेक शहराचं सांडपाणी. माझ्या आजीच्या तोंडी पानशेतचा पूर कायम असे. 12 जुलै 1961 ही तारीख आमच्या घरात वाढदिवसांसारखी पाठ होती. नदी म्हणजे एक तर नाला नाही तर संकट, मधलं काही मी लहानपणी पाहिलंच नाही.

पुण्यात आता मुळा, मुठा आणि मुळा-मुठेच्या 44 किलोमीटर काठांचा प्रकल्प चालू आहे. त्याच्या बाजूने आणि विरोधात भरपूर बोललं जातं, आणि बोलणं पुन्हा पुन्हा काठावर येऊन थांबतं: भिंत हवी की उतार, फरशी हवी की गवत, कुठली झाडं तोडायची. मला ईझारचा क्रम आठवतो. नदीच्या वाट्याला बारा महिने किती क्युसेक येणार? वरच्या गावांचं आणि आपलं सांडपाणी कुठे, कसं थांबणार? निळ्या रेषेच्या, म्हणजे 25 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराच्या रेषेच्या आत असलेली जागा पाण्यासाठी मोकळी राहणार का? म्युनिकला 1995 मध्ये काठाचा विचार करता आला, कारण यातल्या काही प्रश्नांची उत्तरं आधीच दिली गेली होती आणि उरलेल्यांवर पैसे आणि वीज सोडायची तयारी होती. इंदापूरच्या शेतकऱ्याचं पाणी म्हणजे म्युनिकच्या वीजघराचं पाणी नव्हे. ते सोडा म्हणणं इतकं सोपं नाही, हे मला कळतं. शेतकऱ्याचा हिस्सा न कापता नदीला पाणी द्यायचं असेल तर शहराने आपलं सांडपाणी नीट शुद्ध करून नदीतच परत सोडणं, हा एक मार्ग शिल्लक राहतो, आणि तो काठाच्या फरशीपेक्षा महाग आहे.

म्युनिकमध्ये सगळं गोड झालं असंही नाही. नदी इतकी आवडती झाली की उन्हाळ्याच्या शनिवारी रात्री किनाऱ्यावर बाटल्यांचा खच पडतो. फ्लाउखर या नदीकाठच्या हिरव्या पट्ट्याजवळ मांस भाजण्याच्या धुराने बांधावरची वाट झाकली जाते. ठरावीक पट्ट्यातच शेगडी लावायची परवानगी आहे, सगळे पाळत नाहीत. खडीवर अंडी घालणाऱ्या पक्ष्यांना शहराच्या मध्यावर घरटं करायची सोयच उरत नाही, कारण नेमक्या त्यांच्या हंगामात माणसं चादरी घेऊन हजर. माशांसाठी आणि माणसांसाठी बनवलेली नदी पक्ष्यांना अपुरी पडली, असं म्हणायला हवं. वाळुंज तर इतकं जोमाने उगवतं की ते वेळोवेळी छाटावं लागतं, नाहीतर पुराच्या पाण्याची वाट अडते. सकाळी लवकर गेलं तर पालिकेची माणसं काचा वेचताना दिसतात. गोट्यांत अडकलेली काच झाडूने निघत नाही, वाकून हाताने उचलावी लागते.

आणि खडी. सिल्वेनश्टाइनच्या वर डोंगरातून येणारी खडी जलाशयाच्या मुखाशी साठते आणि खालच्या नदीला उपाशी ठेवते. खडी मिळाली नाही की नदी पुन्हा तळ खाऊ लागते. म्हणून जलाशयाच्या वरच्या टोकाला साठलेली खडी यंत्रांनी उपसतात, ट्रकमध्ये भरतात आणि धरणाच्या खाली नेऊन नदीच्या कडेला ढिगाऱ्यांनी ओततात. पुढचा पूर ती उचलून घेऊन जातो. मी एकदा सायकलने तिकडे गेले होते. पाण्याच्या काठाशी माझ्यापेक्षा उंच ढीग होता, गोटे अजून कोरडे, टोकाचे, राखाडी. नदी खालून त्याला हळूहळू चाटत होती. मी बघत होते तेवढ्या वेळात एक गोटा सुटला, पाण्यात पडला आणि थोडा घरंगळून दिसेनासा झाला. म्युनिक तिथून सत्तरेक किलोमीटर खाली आहे.